गांज्याची साठवण व रासायनिक स्थिरता

गांज्याची रासायनिक स्थिरता म्हणजे भांगेच्या झाडाच्या (कॅनॅबिस सटायव्हा) फुलोऱ्यातील मन:प्रभावी संयुगे साठवणीच्या काळात किती व कोणत्या वेगाने टिकतात किंवा बदलतात, याचा अभ्यास. प्रकाश, हवेतील ऑक्सिजन, उष्णता आणि ओल हे या बदलाचे मुख्य कारक आहेत. हा विषय भ्रमजनक द्रव्यांच्या रसायनशास्त्रात मोडतो. परंतु भारतात, विशेषतः मध्य प्रांत, वऱ्हाड व मुंबई इलाखा या भागांत, तो अबकारी कारभाराच्या अंगाने प्रथम पुढे आला. आज त्याचे महत्त्व मुख्यतः न्यायवैद्यक आहे. जप्त केलेला मुद्देमाल प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आणि खटला उभा राहीपर्यंत तोच व तसाच राहतो का, या प्रश्नावर आरोपीची अनेक वर्षे अवलंबून असू शकतात.

== संज्ञा ==

बोलीभाषेत भांग, गांजा आणि चरस हे शब्द सैलपणे वापरले जातात. कायद्यात तसे चालत नाही. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात असलेल्या अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा वा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तेव्हा बिया आणि पाने त्यातून वगळली आहेत. चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ. नुसत्या पानांची भांग या अधिनियमाच्या व्याख्येबाहेर राहते व तिच्यावर राज्यांच्या कायद्यांचे नियंत्रण असते. हा भेद रसायनशास्त्रालाही धरून आहे. मन:प्रभावी द्रव्य मुख्यतः मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म राळग्रंथींत साठते; पानांत ते कमी असते व बियांच्या गरात जवळपास नसतेच.

== बदल कसा होतो ==

ताज्या झाडात नशा आणणारे द्रव्य तयार स्वरूपात फारसे नसते. तेथे असते ते टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलिक आम्ल. वाळताना हळूहळू आणि तापवल्यास झपाट्याने या आम्लातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व डेल्टा-९-टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपाने टीएचसी, उरते. हे संयुग शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना १९६४ मध्ये इस्राएलमधील येहिएल गाओनी व राफेल मेशुलम यांनी प्रसिद्ध केली.

टीएचसी हा शेवटचा मुक्काम नव्हे. हवेतील ऑक्सिजनच्या सान्निध्यात त्याच्या एका कड्यातील हायड्रोजनचे अणू निघून जातात, ते कडे बेंझिनसारखे ॲरोमॅटिक होते आणि कॅनाबिनॉल तयार होते. कॅनाबिनॉलचा मनावरील परिणाम टीएचसीच्या मानाने फारच क्षीण असतो. म्हणून जुना गांजा ‘उतरतो’. मात्र जितके टीएचसी नाहीसे होते तितके सगळे कॅनाबिनॉलच्या रूपाने परत सापडत नाही. काही भाग मधल्या अस्थिर संयुगांत जातो, तर काही चिकट, गडद रंगाच्या बहुवारिकांत अडकतो. त्यामुळे कॅनाबिनॉल मोजून मूळ टीएचसी किती होते हे उलट हिशेबाने अचूक काढता येत नाही, अंदाज तेवढा बांधता येतो.

चार कारकांपैकी प्रकाश सर्वांत घातक ठरतो, त्यातही द्रावणाच्या स्वरूपात ठेवलेल्या अर्काला. शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत का ठेवतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही. प्रकाशातील, विशेषतः अतिनील किरणांतील, ऊर्जा रेणूंचे बंध उत्तेजित करते आणि एरवी मंद गतीने चालणाऱ्या अभिक्रियांना वाट मोकळी करून देते. ऑक्सिजनचे काम संथ पण अखंड चालते. उष्णतेचा हिशेब रसायनशास्त्रातील ढोबळ नियमाने मांडता येतो: तापमान दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. ओल टीएचसीचे थेट फारसे बिघडवत नाही, परंतु ती बुरशीला आमंत्रण देते आणि बुरशी सगळाच माल नासवते.

पाचवी एक गोष्ट आहे, ती म्हणजे हाताळणी. राळग्रंथी अभंग असेपर्यंत आतले द्रव्य प्रकाश व हवेपासून बऱ्यापैकी झाकलेले राहते. माल चुरडला, कुटला किंवा वारंवार उपसला की ग्रंथी फुटतात आणि ऑक्सिडीकरणाला मोठा पृष्ठभाग मिळतो. अखंड हळकुंडाचा वास वर्षभर टिकतो, दळलेल्या हळदीचा टिकत नाही, त्याचे कारण याच जातीचे आहे.

== जुन्या वैद्यकातील कालमर्यादा ==

औषधी द्रव्ये कालांतराने हीनवीर्य होतात ही जाणीव आयुर्वेदात जुनी आहे. शार्ङ्गधर संहितेच्या प्रथम खंडात तिची कालमर्यादाच दिलेली आहे: वनस्पतिज द्रव्य एका वर्षानंतर गुणहीन होते, चूर्ण दोन महिन्यांत, तर गुटिका व अवलेह वर्षभरात. आसव, धातूंची भस्मे व रसकल्प मात्र जुने झाल्यावर अधिक गुणकारी मानले आहेत. अखंड द्रव्यापेक्षा चूर्णाची मुदत कमी धरणे हे वर सांगितलेल्या पृष्ठभागाच्या तर्काशी जुळते. याच ग्रंथात भांगेचा उल्लेख ‘व्यवायी’ द्रव्याचे, म्हणजे पचण्याआधीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्याचे, उदाहरण म्हणून अफूच्या बरोबरीने येतो. ग्रंथकारांना रेणूंची कल्पना नव्हती. वैद्याच्या कपाटातील अनुभव मात्र होता, आणि तो मोडीत काढण्याजोगा नाही.

== एकोणिसाव्या शतकातील तपास ==

डॉ. विल्यम ओशॉनेसी याने कलकत्त्यात केलेले प्रयोग १८३९ मध्ये मांडले आणि तेव्हापासून गांज्याचा अर्क व टिंक्चर ही पाश्चात्त्य औषधे झाली. ब्रिटिश औषधसंहितेत त्यांना स्थान मिळाले. लवकरच एक अडचण डोके वर काढू लागली. एका बाटलीतील दहा थेंबांनी रोग्याला गुंगी येई, तर दुसरीतील तेवढ्याच थेंबांनी काहीच होत नसे. हिंदुस्थानातून निघालेला माल बोटीत, गोदीत आणि औषधविक्रेत्याच्या फळीवर किती काळ पडून होता याचा थांगपत्ता मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरला नसे. पुढे विसाव्या शतकात ही औषधे संहितांतून गळाली (अमेरिकेच्या औषधसंहितेतून १९४२ मध्ये), त्यामागे कायदे व राजकारण होतेच. परंतु अर्काचा हा बेभरवसा स्वभावही एक कारण होता.

बंगाल सरकारच्या सांगण्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन याने गांज्याच्या लागवडीवर व वापरावर लिहिलेला अहवाल १८९३ मध्ये निघाला. ताज्या आणि जुन्या मालाची तुलना हा त्यातील एक भाग होता आणि साठवणीत गांजा क्रमाने निःसत्त्व होत जातो असा त्याचा निष्कर्ष होता. याच वर्षी जुलैमध्ये हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग याच्या अध्यक्षतेखाली भारतीय भांग-गांजा आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १८९४ चा असून पुराव्यांसह तो अनेक खंडांचा आहे. कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन हे आयोगाचे एक सदस्य होते.

आयोगाने साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नावलीत साठवणीवर स्वतंत्र प्रश्न आहे. चरस, गांजा व भांग ठेवून ठेवल्यास बिघडतात का, त्यांचा परिणाम अखेर पूर्ण नाहीसा होतो का, सामान्य काळजी घेतल्यास किती काळ टिकतो, बिघाडाची कारणे कोणती आणि तो टाळण्याचे उपाय कोणते, असा त्याचा आशय होता. आजचा संशोधक स्थिरतेच्या चाचणीत याहून वेगळे काही विचारत नाही. पुराव्यांच्या सातव्या खंडात मुंबई, सिंध इत्यादींबरोबर वऱ्हाडातील साक्षी छापल्या आहेत. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी ‘वणी जिल्हा’ या नावाने हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात मोडत होता. १९०३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला व १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

अबकारी खात्याला या रसायनशास्त्रात रस असण्याचे कारण सरळ होते. मध्य प्रांतात लागवड निमाड जिल्ह्यातील खांडवा भागात एकवटलेली होती व माल तेथील सरकारी गोदामातून परवानेदार विक्रेत्यांकडे जाई. मुंबई इलाख्यात लागवडीचे मुख्य क्षेत्र अहमदनगर जिल्हा होते, तर बंगालमध्ये राजशाहीतील नौगाव. कर वजनावर बसे. परंतु जुन्या गांज्याला गिऱ्हाईक नसे, कारण ओढणाऱ्याला फरक पहिल्याच झुरक्यात कळे. कराचा आकडा वजनावर आणि मालाची किंमत सत्त्वावर, अशी ही विसंगती होती. शिल्लक राहिलेला जुना माल जाळून टाकण्याची वहिवाट त्यातूनच पडली.

लागवडदारांच्या रीती पाहिल्या तर त्यांना स्थिरतेचे व्यावहारिक ज्ञान होते असे दिसते. फुलोरा पायाखाली तुडवून चपटा केलेला गांजा आणि वळून गोल केलेला गांजा, असे दोन प्रकार बाजारात होते. दोन्हींत राळ दाबाने एकत्र चिकटते व हवेला उघडा राहणारा भाग घटतो. झडलेल्या तुकड्यांचा चुरा हा तिसरा प्रकार.

केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही व ईस्टरफील्ड या तिघांनी १८९६ मध्ये हिंदुस्थानी चरसातून एक लालसर तेल वेगळे केले व त्याला कॅनाबिनॉल असे नाव दिले. हाच गांज्याचा सक्रिय घटक, असा त्यांचा समज झाला. त्यांचे तेल प्रभावी होते हे खरे, पण ते मिश्रण होते. पुढे त्यातून शुद्ध करून घेतलेल्या कॅनाबिनॉलचा प्रभाव अगदीच तोकडा निघाला. आज याचा उलगडा होतो. दूरच्या प्रवासात व साठवणीत जुना झालेला माल त्यांच्या हाती आला होता आणि त्यांनी नेमके जीर्ण झालेले द्रव्य प्रथम पकडले. म्हणजे गांज्यातून वेगळा झालेला पहिला कॅनाबिनॉइड हा मुळात साठवणीचाच अवशेष. जुन्या अर्काची शक्ती हवेतील ऑक्सिजनमुळे जाते हे दाखवणारे प्रयोग याच काळात इंग्लंडमध्ये मार्शल यानेही केले. कॅनाबिनॉलची नेमकी रचना ठरण्यास १९४० उजाडावे लागले.

== आधुनिक मापन ==

लंडनमधील फेअरबेर्न, लीबमन व रोवन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. प्रकाश हा ऱ्हासाचा सर्वांत मोठा कारक असून हवेमुळे होणारे ऑक्सिडीकरणही लक्षणीय असते, आणि काळजीपूर्वक तयार केलेला माल अंधारात, सामान्य तापमानाला, एक ते दोन वर्षे बऱ्यापैकी स्थिर राहतो, असे त्यांना आढळले. येथे ‘सामान्य तापमान’ म्हणजे लंडनचे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात रॉस व एलसोली यांनी अनेक वर्षे साठवलेल्या नमुन्यांचे मापन केले. खोलीच्या तापमानाला टीएचसीची सरासरी घट पहिल्या वर्षाअखेर १६.६ टक्के, दुसऱ्या वर्षाअखेर २६.८ टक्के, तिसऱ्या वर्षी ३४.५ टक्के आणि चौथ्या वर्षी ४१.४ टक्के भरली. घट पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असून पुढे ती मंदावत जाते. त्यांनी कॅनाबिनॉल व टीएचसी यांच्या गुणोत्तरावरून नमुन्याचे वय सांगण्याची रीतही सुचवली: गुणोत्तर ०.०१३ पेक्षा कमी असल्यास नमुना सहा महिन्यांच्या आतला आणि ०.०४ ते ०.०८ च्या दरम्यान असल्यास एक ते दोन वर्षांचा समजावा. हे आकडे नियंत्रित साठवणीतील आहेत. पत्र्याच्या छपराखालील कोठीला ते जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरेल.

काळाचे दुसरे टोक पुरातत्त्वात सापडते. चीनच्या शिनजियांग प्रांतातील यांगहाय येथील सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या कबरीत भांगेच्या झाडाचा मोठा साठा मिळाला. त्याचा हिरवा रंग बराचसा टिकून होता, परंतु विश्लेषणात मुख्यतः कॅनाबिनॉल व इतर ऱ्हासजन्य संयुगे दिसली. पामीर पठारावरील सुमारे २,५०० वर्षांपूर्वीच्या लाकडी धूपपात्रांतही कॅनाबिनॉलचाच माग लागला. झाडाची ओळख हजारो वर्षे टिकते; त्याचे सत्त्व टिकत नाही.

== मुद्देमाल आणि कायदा ==

महाराष्ट्रात गांज्याची चोरटी लागवड बहुधा तूर, कपाशी वा ऊस यांसारख्या उंच, दाट पिकांच्या आडोशाने केली जाते. अशा ठिकाणी पोलिसांच्या हाती येतात ती मुळासकट उपटलेली ओली झाडे. पंचनाम्यात त्यांचे वजन नोंदवले जाते, आणि वादाची सुरुवात तेथूनच होते.

शिक्षा प्रमाणावर ठरते. गांज्याच्या बाबतीत एक किलोपर्यंत अल्प प्रमाण व २० किलोंहून अधिक असल्यास व्यापारी प्रमाण मानले जाते. अल्प प्रमाणास कमाल एक वर्ष, मधल्या प्रमाणास कमाल दहा वर्षे आणि व्यापारी प्रमाणास किमान दहा ते कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, अशी तरतूद आहे. व्यापारी प्रमाणात जामीन मिळणेही अतिशय कठीण होते. ओल्या झाडाच्या वजनात तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग पाणी असते. उपटताना २५ किलो भरलेले झाड वाळल्यावर पाच-सहा किलोंवर येऊ शकते, आणि त्यातून मुळे, खोड व सुटी पाने वगळली तर व्याख्येत बसणारे शेंडे त्याहूनही कमी उरतात. पंचनाम्यातील वजन व न्यायालयात हजर केलेल्या मालाचे वजन यांत तफावत दिसली की बचाव पक्ष अदलाबदलीचा संशय घेतो आणि सरकार पक्ष माल वाळल्याचे सांगतो. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, म्हणूनच जप्तीच्या वेळी माल ओला होता की सुका आणि शेंडे वेगळे केले होते की नाही, याची स्पष्ट नोंद निर्णायक ठरते. प्रत्यक्षात हीच नोंद सर्वाधिक वेळा राहून जाते.

नमुन्यांबाबत १९८० च्या दशकाअखेरच्या केंद्रीय स्थायी आदेशांनी घालून दिलेली पद्धत दीर्घकाळ चालली. इतर अमली पदार्थांचा किमान पाच ग्रॅम आणि अफू, गांजा व चरस यांचा २४ ग्रॅम नमुना दोन प्रतींत घ्यावा, तो उष्णतेने सीलबंद केलेल्या प्लॅस्टिक पिशवीत व वर कागदी पाकिटात ठेवावा आणि ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेकडे रवाना करावा, असे त्यात सांगितले होते. गोळ्या व भुकटीला प्लॅस्टिक पिशवी योग्यच. ओल्या वनस्पतीला मात्र ती मारक, कारण आत कोंडलेल्या ओलीने दोन-चार दिवसांत बुरशी धरते. वनस्पतिज नमुने आधी सावलीत वाळवून हवा खेळणाऱ्या कागदी वेष्टनात ठेवावेत, ही न्यायसहायक विज्ञानातील सर्वमान्य रीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जप्ती, साठवण, नमुना व विल्हेवाट यांसंबंधी स्वतंत्र नियम केले.

कायद्याने साठवणीच्या अडचणीची दखल पूर्वीच घेतली होती. १९८९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५२-अ मध्ये द्रव्याचे घातक स्वरूप, चोरीची व अदलाबदलीची शक्यता आणि योग्य जागेची टंचाई ही कारणे देऊन खटल्यापूर्वीच विल्हेवाट लावण्याची मुभा आहे. त्यासाठी दंडाधिकाऱ्यासमोर यादी करायची, छायाचित्रे घ्यायची, नमुने काढायचे आणि मग हेच मूळ पुरावा म्हणून ग्राह्य धरायचे. भारत सरकार विरुद्ध मोहनलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०१६ रोजी या व्यवस्थेतील ढिलाईवर बोट ठेवले व सहा महिन्यांत दुहेरी कुलपाच्या, तिजोरीसह स्वतंत्र कोठ्या उभारण्यास केंद्र व राज्यांना सांगितले. त्यानंतरही, २०२२ मध्ये, मथुरेत पाचशे किलोंहून अधिक गांजा उंदरांनी खाल्ल्याचे पोलिसांनी न्यायालयाला सांगितल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. उंदीर हा स्थिरतेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात न आढळणारा कारक आहे.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निर्णय २०१३ चा आहे. थाना सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणीची मागणी अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांतच करता येईल असे ठरवले. वरवर पाहता ही मुदत आरोपीवर अन्याय करणारी वाटते. परंतु तीन वर्षांनी उघडलेली पुडी वेगळेच काही सांगेल आणि ते सांगणे आरोपीच्या बाजूचे असेल की विरुद्ध, याचा भरवसा कोणालाच देता येणार नाही, हेही तितकेच खरे.

विदर्भात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा नागपूर व अमरावती येथे आहेत. गांज्याच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली पानांवरील चुनखडीचे खडे असलेले विशिष्ट आकाराचे केस पाहणे, रंगचाचण्या आणि क्रोमॅटोग्राफी या पद्धती वापरल्या जातात. केस व खडे वर्षानुवर्षे शाबूत राहतात, त्यामुळे ‘हा गांजा आहे’ असे म्हणण्यास जुना नमुनाही पुरतो. त्यात टीएचसी मुळात किती टक्के होते हा प्रश्न गांज्याच्या खटल्यात सहसा येत नाही, कारण कायदा सत्त्व नव्हे तर वजन मोजतो. १८९४ च्या अबकारी करातील विसंगती एका अर्थी अजून संपलेली नाही.

== यवतमाळचे हवामान ==

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात कमाल तापमान ४२ अंश सेल्सियसच्या वर जाते आणि जून ते सप्टेंबर हवा दमट असते. लंडनच्या २० अंशांच्या मानाने ४० अंशांच्या कोठीत, दहा अंशांच्या ढोबळ नियमाने, ऱ्हासाचा वेग चौपट धरावा लागेल. उन्हाळ्यातील होरपळ टीएचसीला आणि पावसाळ्यातील ओल वनस्पतीच्या ऊतींना बाधते. उत्तरेकडील झरोक्यांची, जाड भिंतींची, कोरडी व अंधारी खोली येथे बरेच काम करून जाते. नवे काँक्रीटचे व पत्र्याचे बांधकाम त्या मानाने गैरसोयीचे.

याच मुलखात शेतकरी पूर्वी ज्वारी पेवात साठवत. जमिनीखालच्या या खड्ड्यात अंधार व बेताचे तापमान असे, आणि धान्याच्या श्वसनाने आतला ऑक्सिजन संपून कार्बन डाय-ऑक्साइड साचे. किडीला जगणे अशक्य होई. पेव उघडल्याबरोबर आत उतरणाऱ्या माणसाचाही जीव त्यामुळेच धोक्यात येई. प्रयोगशाळेत नमुन्याच्या कुपीतील हवा काढून नायट्रोजन भरतात, त्यामागील तत्त्व हेच.

== धोत्रा ==

महाशिवरात्रीला ज्याचे फळ व फूल शंकराला वाहतात तो धोत्रा विदर्भात गावठाणाच्या कडेला, उकिरड्यावर सर्वत्र उगवतो. त्यातील हायोसायमिन, स्कोपोलामिन व ॲट्रोपिन ही अल्कलॉइडे खऱ्या अर्थाने मूढता व भ्रम आणणारी, आणि विषारी आहेत. त्यांची स्थिरता गांज्याहून निराळ्या प्रकारची आहे. हायोसायमिनचा रेणू वाळवताना व अर्क काढताना, विशेषतः अल्कधर्मी द्रावणात, आपल्या आरशातील प्रतिमेत अंशतः पालटतो व दोहोंचे समप्रमाण मिश्रण म्हणजे ॲट्रोपिन बनते. पाण्यात, विशेषतः अल्कधर्मी माध्यमात, त्यांचे जलीय विच्छेदन होऊन ट्रोपिन व ट्रोपिक आम्ल हे निरुपद्रवी तुकडे उरतात. सौम्य आम्लात मात्र ती चांगली टिकतात. कोरड्या बियांत तर ती दीर्घकाळ टिकून राहतात, म्हणून जुने बी निरुपद्रवी झाले असेल असे समजणे जिवावर बेतू शकते. भारतीय न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत धोत्र्याचे विष कुजण्याला दाद देत नाही असे नमूद असते व मिरचीच्या आणि धोत्र्याच्या बियांतील फरक विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवला जातो.

== इतर भ्रमजनक द्रव्ये ==

एलएसडी हे संयुग आल्बर्ट हॉफमन याने स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १९३८ मध्ये तयार केले. त्याचा परिणाम १९४३ मध्ये लक्षात आला. वजनाच्या मानाने सर्वांत प्रभावी अशा या द्रव्याचे आयुष्य प्रकाशात फार थोडे असते. अतिनील किरणांच्या प्रभावाखाली पाण्याचा रेणू त्याच्या दुहेरी बंधाला जोडला जातो व निष्प्रभ संयुग बनते. अल्कधर्मी माध्यमात ते आयसो-एलएसडी या निष्क्रिय समघटकात पालटते, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनही त्याला निकामी करते. मूत्राच्या नमुन्यांवरील १९९८ च्या एका अभ्यासात अंधारात २५ अंशांना चार आठवडे लक्षणीय घट दिसली नाही. ३७ अंशांना ३० टक्क्यांपर्यंत व ४५ अंशांना ४० टक्क्यांपर्यंत घट झाली. भारतीय कायद्यात त्याचे व्यापारी प्रमाण केवळ ०.१ ग्रॅम आहे. द्रव्य शोषलेल्या कागदाचे वजन त्यात धरावे की नाही यावर मुंबई उच्च न्यायालयासमोर वाद झाले आहेत. मिश्रणाचे एकूण वजन धरावे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हीरा सिंह प्रकरणात दिला.

सिलोसायबिन हे काही अळिंबांत आढळणारे द्रव्य १९५८ मध्ये हॉफमननेच वेगळे केले. फॉस्फेट गट जोडलेला असेपर्यंत ते टिकते. अळिंब जखमी झाल्यावर एक विकर तो गट काढून टाकते, उरलेल्या सिलोसिनचे दुसरे विकर ऑक्सिडीकरण करते आणि अळिंब निळे पडते. या निळ्या रंगाचा उलगडा जर्मनीतील येना येथील संशोधकांनी २०१९-२० मध्ये केला. निळेपणा म्हणजे शक्ती, असा लोकसमज आहे. वास्तविक तो नष्ट झालेल्या द्रव्याचा रंग आहे.

याच्या अगदी उलट मेस्कॅलिन. अमेरिकेतील टेक्सासमधील गुहांत सापडलेल्या पेयोटी निवडुंगाच्या सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीच्या अवशेषांत २००५ च्या विश्लेषणात हे अल्कलॉइड अद्याप सुमारे दोन टक्के शिल्लक होते.